मॅडम, समासातल्या त्या ओळीसाठी थँक्यू

मॅडम, मेलवर थँक्यू लिहिलं होतं पण तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

ग्रॅव्हिटीचा आणि टर्ब्युलन्सचा (द्रवाच्या खवळलेल्या, भोवऱ्यांनी भरलेल्या प्रवाहाचा) संबंध काय, हे ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकतर "आधी बेसिक पक्कं कर" म्हणून वाटेला लावलं, नाहीतर पेपरची लिंक पाठवून मोकळे झाले. हातात पेन कुणीच घेतलं नाही. त्याचा राग अजून आहे.

तुम्ही ओळख ना पाळख, हाताने लिहिलेली पानं पाठवलीत. 2007 चं भट्टाचार्य, हुबेनी, मिनवाला, रंगमणी यांचं काम. अँटी डी सिटर अवकाशातलं (ऋण वक्रतेचं, कडेला सीमा असलेलं अवकाश) सपाट पसरलेलं कृष्णविवर घ्यायचं, त्याचं तापमान आणि वेग जागोजागी हळूहळू बदलू द्यायचा, मग आइन्स्टाइनची समीकरणं जुळत नाहीत, ती जुळवायला मेट्रिकमध्ये, म्हणजे अवकाशकाळातली अंतरं सांगणाऱ्या सूत्रात, दुरुस्त्या करत जायचं, आणि त्यातली काही समीकरणं त्या अवकाशाच्या सीमेवर ऊर्जा आणि संवेग टिकलाच पाहिजे एवढीच अट घालतात, आणि ती अट म्हणजेच सापेक्षतेतलं नेव्हिए-स्टोक्स, द्रव कसा वाहतो ते सांगणारं समीकरण!

नेमकं तिथेच समासात पेन्सिलने लिहिलेलं, "इथे थांब, घाई नको. मीपण इथे खूप दिवस अडकले होते." ते वाचून मला रडू आलं हो. ज्यांना येतं ते हे कधी सांगत नाहीत, आणि न सांगितल्यामुळे किती मुलं स्वतःलाच ढ समजून विषय सोडून देतात.

त्यानंतर 2013 चा अ‍ॅडम्स, चेसलर, लिऊ यांचा पेपर एका बैठकीत वाचला. कृष्णविवराला धक्का दिला की ते थोडं थरथरून शांत होतं असंच सगळीकडे शिकवतात, पण इथे सीमेवरचा द्रव खवळला की कृष्णविवराचं क्षितिजसुद्धा (जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही ती त्याची कड) फ्रॅक्टलसारखं चुरगळतं, आणि दोन मितींच्या द्रवात लहान भोवरे मिळून मोठे होतात तर ग्रॅव्हिटीच्या बाजूलाही ऊर्जा तशीच लहानाकडून मोठ्याकडे जाते. आपल्या आकाशातल्या कृष्णविवरांना हे जसंच्या तसं लावू नकोस, हेही तुम्हीच आधी बजावलंत. शिकणाऱ्याला नुसतं भारावून न टाकता खरं ते सांगणं, हा केवढा चांगुलपणा आहे.

आता मेट्रिकमधल्या दुसऱ्या ऑर्डरच्या, म्हणजे पुढच्या आणखी बारीक पायरीच्या, दुरुस्त्या करायला घेतल्यात, भोवऱ्यांच्या टर्मचा गुणक कुठून येतो ते कळत नाहीये, पान लिहून पाठवते.