घरच्या मीडिया सेंटरची लायब्ररी मार्गी लावून देणाऱ्या स्नेह्यांस जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार,

आपण पाठवलेल्या स्क्रिप्टमुळे, आणि त्याहूनही अधिक तिच्यासोबत आलेल्या आपल्या सविस्तर पत्रांमुळे, आमच्या घरच्या मीडिया सेंटरची लायब्ररी आता कोणी रिमोट हाती न घेता अद्ययावत राहते. याबद्दल आपले मनापासून आभार. दोन ओळींचे खासगी उत्तर धाडूनही हे सांगता आले असते. परंतु आपण जे समजावून दिलेत ते घरी कोडी (चित्रपट-मालिकांची यादी मांडून ते टीव्हीवर दाखवणारी प्रणाली) किंवा तत्सम प्रणाली चालवणाऱ्या कितीतरी जणांच्या कामी येईल, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझी मागणी साधी होती. सर्व्हरच्या डिस्कवर नवी फाइल आली की ती पोस्टर आणि कथासारांशासह टीव्हीवरच्या यादीत आपोआप दिसावी, एवढेच मला हवे होते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना नवा भाग पाहण्यासाठी मेनूच्या आत मेनू उघडत ‘लायब्ररी अपडेट करा’ हा पर्याय शोधायला लावणे मला पटत नव्हते. कोडीमध्ये सुरू होताना लायब्ररी अद्ययावत करण्याची सोय आहे, पण आमचे यंत्र क्वचितच बंद होते. क्रॉन या वेळापत्रकाने आज्ञा चालवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने ठरावीक वेळी स्कॅनची, म्हणजे फोल्डर तपासून नव्या फाइली नोंदवण्याची, आज्ञा पाठवणे हा दुसरा मार्ग. लायब्ररी लहान असेल तर तेवढे पुरेसे आहे, हे आपण आरंभीच मोकळेपणाने सांगितलेत. ज्याला खोलात शिरायला आवडते तो माणूस समोरच्याला साधा उपाय सहसा सुचवत नाही. आपण तो आधी सुचवलात, आणि आमच्या घरी तो अपुरा का पडतो हे तपासल्यावरच पुढे गेलात.

यानंतर आपण जे सांगितलेत ते मला सर्वांत मोलाचे वाटते. लायब्ररी अद्ययावत करणे हे वरवर एक काम दिसते, पण त्यात दोन वेगळी कामे आहेत: नव्या फाइलची नोंद करणे आणि नाहीशा झालेल्या फाइलची नोंद काढून टाकणे. पहिल्या कामात चूक झाली तर ती पुढच्या स्कॅनमध्ये सुधारता येते. दुसऱ्यात चूक झाली तर काय पाहून झाले आहे, कोणता चित्रपट कुठवर पाहून थांबवला होता, हाताने दुरुस्त केलेली शीर्षके कोणती, हे सारे डेटाबेसमधून जाते. म्हणून नोंद तत्परतेने करावी आणि काढताना हात आखडता घ्यावा, हे आपले सूत्र मी जसेच्या तसे स्वीकारले आहे. बहुतेक मार्गदर्शनांत ही दोन्ही कामे एकाच वेळापत्रकात बांधलेली असतात. ते मला आता धोक्याचे वाटते.

धोका कसा, हेही आपण नेमके दाखवलेत. लिनक्स या संगणक प्रणालीत बाहेरची डिस्क एखाद्या फोल्डरवर माउंट केलेली, म्हणजे त्या फोल्डरमधून उघडेल अशी जोडलेली, असते. डिस्क सुटली तरी तो फोल्डर जागेवरच राहतो, फक्त रिकामा. अशा वेळी साफसफाईची, म्हणजे नाहीशा फाइलींच्या नोंदी काढण्याची, आज्ञा सुटली, तर मागच्या बाजूला डिस्क नाही हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. तिच्या लेखी सर्व चित्रपट पुसले गेलेले असतात. आपल्या स्क्रिप्टमध्ये यासाठी एक छोटी खूणफाइल आहे. ती डिस्कच्या मुळाशी ठेवलेली असते, आणि ती वाचता आली तरच साफसफाई पुढे सरकते, नाहीतर काहीही न करता थांबते. अवघ्या दोन ओळींची ही तपासणी आहे, पण संपूर्ण स्क्रिप्टमध्ये मला सर्वाधिक आदर तिच्याबद्दल वाटतो.

नव्या फाइलचा माग ठेवण्याची रीतही मला प्रथमच नीट उमगली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, २००५ पासून, म्हणजे २.६.१३ या आवृत्तीपासून, इनोटिफाय नावाची यंत्रणा आहे. फोल्डरमध्ये काही बदलले की ती लगेच वर्दी देते. मात्र टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर ती लावून उपयोग नाही, कारण एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली उपलब्ध करून देणाऱ्या पद्धतीने, जोडलेल्या फोल्डरमध्ये सर्व्हरने किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्राने केलेले बदल तिला दिसत नाहीत. पाळत ठेवायची ती डिस्क जिथे आहे त्या सर्व्हरवर, आणि तिथून कोडीला जेसन-आरपीसीच्या (बाहेरच्या प्रोग्रॅमकडून आज्ञा स्वीकारण्याच्या कोडीच्या सोयीच्या) मार्गाने ‘व्हिडिओलायब्ररी डॉट स्कॅन’ ही आज्ञा धाडायची, हा क्रम आपण लावून दिलात. या आज्ञेला फोल्डरचा पत्ता जोडता येतो आणि मग सगळे स्रोत धुंडाळण्याऐवजी तेवढाच फोल्डर तपासला जातो. तो पत्ता कोडीला ठाऊक असलेल्या रूपातच द्यावा लागतो, सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरचा पत्ता तिथे चालत नाही, ही बारीकशी गोष्ट आपण वेगळी अधोरेखित केली होती. ती नसती तर आज्ञा बिनतक्रार स्वीकारली गेली असती आणि यादीत मात्र काहीच आले नसते.

इनोटिफायची पाळत फोल्डरच्या आत असलेल्या फोल्डरांपर्यंत आपोआप पोहोचत नाही; प्रत्येकासाठी स्वतंत्र पाळत लागते आणि त्यांच्या संख्येला कर्नलची मर्यादा असते. जुन्या कर्नलमध्ये ती साधारणपणे ८१९२ असे, ५.११ पासून ती यंत्राच्या मेमरीनुसार ठरते. घरगुती संग्रहाला जुनी मर्यादाही बहुधा पुरते, पण संगीताच्या प्रत्येक अल्बमला वेगळा फोल्डर असेल तर ती लवकर गाठली जाऊ शकते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मोठी फाइल कॉपी होत असताना तिचे नाव फोल्डरमध्ये आधीच दिसू लागते, आणि त्याच क्षणी स्कॅन झाला तर अर्धवट फाइलची नोंद होते. यावर आपला उपाय असा, की फाइल आधी त्याच डिस्कवरच्या, पण लायब्ररीबाहेरच्या एका फोल्डरमध्ये पूर्ण उतरवून घ्यावी आणि मग तिला लायब्ररीत हलवावे. एकाच फाइल सिस्टिममध्ये हलवताना केवळ नाव बदलते, मजकूर पुन्हा लिहिला जात नाही. त्यामुळे फाइल लायब्ररीत अवतरते ती संपूर्णच. हे वाचून मला खरोखर आनंद झाला, कारण यात ना वाट पाहण्याची अंदाजपंचे वेळ आहे, ना फाइलचा आकार पुन्हा पुन्हा मोजणे. मालिकेचा अख्खा सीझन एकदम आला तर प्रत्येक भागासाठी वेगळी आज्ञा न सोडता, हालचाल थांबल्यावर एकच आज्ञा सोडण्याची व्यवस्थाही स्क्रिप्टमध्ये आहे. टीव्हीवर काही चालू आहे का, हेही ती आधी विचारून घेते आणि चालू असेल तर थांबते. चित्रपटाच्या ऐन रंगात पडद्याच्या कोपऱ्यात प्रगतीची पट्टी उमटू नये, याची काळजी घेणाऱ्या माणसाला पाहणाऱ्यांची कदर आहे, असे मी मानतो.

फाइलींची नावे नीट ठेवण्याचा आपला आग्रह मी पाळतो आहे. चित्रपटाच्या नावापुढे कंसात वर्ष आणि मालिकेच्या भागाला सीझन व भाग यांचे क्रमांक, एवढी शिस्त असली की माहिती गोळा करणाऱ्या स्क्रेपरला ओळख पटवणे बरेच सोपे होते. हाताने दुरुस्त केलेली माहिती एनएफओ फाइलींत, म्हणजे कोडीला वाचता येणाऱ्या माहितीच्या छोट्या फाइलींत, उतरवून चित्रपटांच्या शेजारीच ठेवली आहे. उद्या डेटाबेस नव्याने उभारावा लागला तरी ती हाताशी राहील.

आपण हे सारे कोणत्याही मोबदल्याविना केलेत. प्रत्येक ओळीवर टिप्पणी लिहिलीत, माझ्या प्रश्नांना शांतपणे उत्तरे दिलीत, आणि स्क्रिप्ट अशी ठेवलीत की ती मला वाचून समजावी. नुसती चालणारी स्क्रिप्ट देणे आपल्याला कितीतरी सोपे गेले असते. आज तिच्यात बदल करायचा झाला तर तो मी स्वतः करू शकतो, हे सर्वस्वी आपले देणे आहे.

एक विनंती आहे. हीच रचना आणखी काही घरांत बसवून द्यावी, असे मनात आहे. आपली अनुमती असेल तर स्क्रिप्ट आपल्या टिप्पण्यांसह त्यांना देईन, आणि खूणफाइलची तपासणी कोणी काढून टाकू नये, अशी सूचना माझ्याकडून वर जोडेन. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला कृतज्ञ,
एक वापरकर्ता