कॅमेऱ्याच्या पोटातली चिठ्ठी

नाशिक

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आज लिहितो आहे तेही ख्यालीखुशालीसाठी नव्हे. रक्तदाब आटोक्यात आहे, गुडघे कुरकुरतात. तो विषय एवढ्यावर संपवतो.

मेनरोडवरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा नातू आजोबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेरा दुरुस्तीला घेऊन आला. तळाचे झाकण काढले, तर आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या दोन तिरप्या रेघा आणि '९४. तुझी खूण! शटर एकाच वेगाने पडत होते. या मॉडेलचा नेहमीचा आजार तुला सांगायला नको: आतले रबर कुजून त्याची भुकटी होते, दांडा पुरता वर येत नाही आणि वेग अडकतो. म्हणून पुढचे चामडे सोलून, खालचे चार स्क्रू काढून मी लेन्स बाहेर घेतली. पाहतो तर रबर ठणठणीत, पण कारखान्याचे नव्हे. सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे एकावर एक चिकटवलेले! दुखणे निघाले बॅटरीच्या कप्प्यातल्या गंजलेल्या तारेत. तू रेघांशेजारी ‘रबर बदलले’ एवढे कोरले असतेस, तर मी त्या चामड्याला हातही लावला नसता.

आपले रविवार कारंजा चौकातले भांडण तुला आठवत असेलच. ‘लिहून ठेवणे म्हणजे समोरच्या दुकानदाराला आपले ताट वाढून देणे,’ हे तुझे मत. मी म्हणालो, पुढे येणारा कारागीर हा आपला भाऊबंदच आहे. त्यावर तू म्हणालास, भाऊबंद आहे म्हणूनच भीती आहे. अण्णांना तेव्हा हसू आवरले नव्हते. आता समोरचे दुकान मोबाइलची कव्हरे विकते आणि तुझी गुपिते चोरायला गावात कोणी उरलेले नाही. माझ्याही हाताखाली कोणी नाही. मी ज्यांची पोटे उघडून बंद करतो आहे, ते कॅमेरे माझ्यानंतर कोण उघडेल आणि त्याला काय माहीत असेल, या विचाराने हल्ली रात्री झोप लागत नाही.

म्हणून मी चिठ्ठ्या ठेवू लागलो आहे. पण लिहावे काय, इथेच गाडी अडते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेले पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. मूळ रचनेपासून मी जिथे जिथे दूर गेलो, तेवढेच लिहावे, असे आता वाटते. लेन्सखालचे पातळ पत्रे कुठल्या स्क्रूपाशी किती जाडीचे होते, हे लिहिले नाही आणि पुढच्याच्या हातून ते सांडले, तर लांबचा फोकस कायमचा बिघडतो. अ‍ॅग्फा आयसोलेट कॅमेऱ्याच्या लेन्समधले दगड झालेले हिरवे ग्रीस काढून दुसरे भरले, तर तेही लिहावे. एखादा स्क्रू उलट्या आट्यांचा असेल, तर तिथे बाण काढावा. जुन्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीऐवजी १.५ व्होल्टची चालावी म्हणून उजेड मोजणारा मीटर जुळवून दिला असेल आणि ते नोंदवले नाही, तर पुढचा शहाणा त्याला ‘दुरुस्त’ करून बिघडवील. आणि २०१६ च्या पुरात सराफ बाजारातून गाळाने भरलेले जे कॅमेरे आले, त्यांच्यावर तर ‘पाण्यात बुडालेला’ असे लिहिलेच पाहिजे. गंज आतून किती वर्षांनी वर येईल, याचा नेम नाही.

ठेवण्याची जागा हा दुसरा घोळ. आपल्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्याचे तंतू शटरच्या पात्यांत गेले तर औषधापेक्षा रोग बरा. सातपूरच्या कंपनीत असताना ड्रॉइंगसाठी वापरायचो ती पॉलिएस्टरची फिल्म मी जपून ठेवली होती. तिच्यावर पेन्सिलीने लिहून तळाच्या झाकणात, फिरत्या भागांपासून लांब चिकटवतो. तुझ्यासारखे धातूवर कोरणे टिकाऊ खरे, पण तिथे रेघांपलीकडे काय मावणार?

यावर गिऱ्हाइकांचे म्हणणे निराळेच. एका संग्राहकाने चिठ्ठी पाहताच ती काढायला लावली. उघडलेला कॅमेरा म्हटले की किंमत उतरते, म्हणे. न उघडता साठ वर्षांचे शटर चालते, अशी त्याची श्रद्धा असावी. मी चिठ्ठी काढली, परंतु सगळे काही माझ्या वहीत कॅमेऱ्याच्या नंबराखाली उतरवून ठेवले आहे. ती वही माझ्यामागे कोणाला द्यायची, हे मात्र तूच सुचव. घरात ती रद्दीत जाईल.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले ना? धाकटीचे कॉलेज बदलल्याचे कळले, चांगले झाले. तुझ्या नव्या जागेचा पत्ता पूर्ण लिही, मागच्या पत्रावर पिनकोड नव्हता.

तू दुकान सोडण्यापूर्वी हाताखालून घातलेल्या कॅमेऱ्यांपैकी जेवढे आठवतात, त्यांत काय काय बदललेस ते मॉडेलवार लिहून पाठव. अक्षर बरे काढ. श्रावणात येणार असशील, तर तुझा मायक्रोमीटर घेऊन ये. माझा कोणीतरी नेला आहे आणि माझा संशय अजून तुझ्यावरच आहे.

तुझा,
मेनरोडवरचा भाऊबंद