सूचना : ड्यूटी बदलताना इमर्जन्सी बॅग उघडून बघा

घरी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या सर्व सिस्टर, ब्रदर आणि पालकांना कळकळीची विनंती. ट्रॅकिओस्टॉमी असलेल्या (म्हणजे श्वासासाठी गळ्यात छिद्र करून ट्यूब बसवलेल्या) मुलाची बॅग जागेवर दिसली म्हणजे झालं, असं समजू नका. चेन उघडा. त्याच साइझची 1 ट्यूब, एक साइझ लहान 1 ट्यूब, टाय (ट्यूब गळ्याला बांधायची पट्टी), कात्री, सक्शन कॅथेटर (ट्यूबमधला स्राव ओढून काढायची नळी), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), सगळं हाताने मोजा. गेल्या आठवड्यात मी उघडली तेव्हा लहान ट्यूबचं निर्जंतुक पाकीट कोपऱ्यात फाटलेलं निघालं. वरून काहीच कळत नव्हतं. ट्यूब तुंबली की शोधाशोधीला वेळ नसतो हो.

सक्शन मशीनचा प्लग काढून ते 1 मिनिट बॅटरीवर चालवा. चार्जिंगचा दिवा लागला म्हणजे बॅटरी टिकेलच असं नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत नको.

हँडओव्हर, म्हणजे पुढच्या ड्यूटीवाल्याला माहिती देणं, दारात उभ्याउभ्या, तोंडी उरकू नका. रात्री सक्शन किती वेळा लागलं, स्राव घट्ट झाला का, हे वहीत वेळेसह लिहा. "आज हा वेगळा वाटतोय" असं आई म्हणाली तर तेही लिहा आणि लगेच मुलाला तपासा. मॉनिटरवर आकडे बदलण्याआधी अनेकदा तिच्या ते लक्षात आलेलं असतं.