सूचना : सुलोचनादीदींच्या जयंतीचा फलक

सर्व सभासदांना नमस्कार.

३० जुलैला ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचनादीदी (सुलोचना लाटकर) यांची जयंती आहे. त्यानिमित्त वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर त्यांच्या मानसन्मानांचा फलक लावायचा आहे. कात्रणं आणून देण्याची आठवण पुन्हा करतोय, कारण आतापर्यंत दोघांचीच आली आहेत.

फलकावर १९९९ची पद्मश्री, २००४चा फिल्मफेअर जीवनगौरव आणि २००९चा महाराष्ट्रभूषण, हे तिन्ही ठळक येतील. महाराष्ट्रभूषण सगळ्यांत वर लावावा असं मला मनापासून वाटतं. दीदींचा जन्म १९२८चा, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खडकलाटचा. सीमेअलीकडच्या गावातली मुलगी कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे घडली आणि पुढे महाराष्ट्राने आपला सर्वोच्च नागरी सन्मान तिला दिला. आपल्या भागातल्या किती पोरांना हे ठाऊक आहे? म्हणून फलकावर जन्मगावाचं नाव पुरस्कारांइतक्याच मोठ्या अक्षरांत हवं.

जुने दिवाळी अंक, सिनेमासिकं, ४ जून २०२३ला त्या गेल्या तेव्हाची वर्तमानपत्रं, जे असेल ते २५ जुलैपर्यंत ग्रंथपालांकडे द्या. मागे आपलं नाव पेन्सिलीने लिहा. सगळं परत मिळेल. निपाणी-चिकोडीकडच्या सभासदांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारावं. खडकलाटच्या आठवणी कुणी सांगितल्या तर त्यांच्याच बोलीत, जशाच्या तशा उतरवून आणा.

– चिटणीस