भाडेकरारातल्या इंग्रजीबद्दल महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत फ्लॅट भाड्याने गेला की कराराची प्रत सचिव म्हणून माझ्याकडे येते. परवा आलेल्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारात पहिल्या पानावर लायसेन्सर-लायसेन्सी (वापराची परवानगी देणारा आणि घेणारा), तिसऱ्यावर लँडलॉर्ड-टेनंट आणि सहीच्या वर चक्क लेसी, म्हणजे लीजवर जागा घेणारा. माणसं तीच दोन! एजंटाने जुने मसुदे एकमेकांना चिकटवलेले दिसत होते.

इंग्रजीच्या चुका काढायची मला हौस नाही. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे लीजमध्ये जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याला मिळतो, लायसन्समध्ये मिळते ती फक्त वापरायची परवानगी. तरी लायसन्स करारात ‘एक्सक्लुझिव्ह पझेशन’, म्हणजे जागेचा एकट्याचा पूर्ण ताबा, दिल्याचं कलम एजंट हमखास घालतात, भारदस्त वाटतं म्हणून. कोर्ट मात्र लीज की लायसन्स हे ठरवताना नेमका तोच ताबा तपासतं. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात दस्ताची भाषा लायसन्सची होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने ते लीजच ठरवलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसेन्सींना आपल्या राज्याने कायदा करून भाडेकरू ठरवलं, मग त्यांना सहज बाहेर काढता येईना; तो धसका जुन्या घरमालकांच्या मनात अजून आहे.

भाडेकरूचंही नुकसान होतंच. त्याच करारात डिपॉझिट ‘मे बी रिफंडेड’ होतं. म्हणजे मालकाच्या मनात आलं तर. तिथे ‘शल’ हवं होतं, म्हणजे परत करणं बंधनकारक.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ने लेखी लायसन्स कराराला त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानलं आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं तेही याच कलमाने. एवढं वजन असलेला कागद कॉपी-पेस्टवर सोडून कसं चालेल?

नोंदणी व मुद्रांक विभागाने जादा अटींसाठी वकिलांकडून तपासलेली कलमं इंग्रजी आणि मराठीत, शेजारी शेजारी, ऑनलाइन नोंदणीतच द्यावीत. (दोन्ही पक्ष मराठी असताना करार इंग्रजीत का, हे कोडं मला उलगडलेलं नाही.) लायसन्स करारात कुणी ‘टेनंट’ किंवा ‘लेसी’ टाइप केलं, तर सबमिट होण्याआधी स्क्रीनवर इशारा यावा. नोंदणी करून देणाऱ्या अधिकृत सेवा पुरवठादारांनाही या शब्दांचं प्रशिक्षण द्यावं. आमच्या सोसायटीतले बरेच करार दर अकरा महिन्यांनी नवे होतात, तेव्हा पुढच्या खेपेच्या आत हे झालं तर बरं.

आपला,
एका गृहनिर्माण सोसायटीचा सचिव, पुणे