हा सिनेमा ऑपरेशनआधी बघू नकोस

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार.

थायरॉइडचं ऑपरेशन ठरल्याचं तू सांगितलंस आणि त्याच दमात म्हणालीस, "गाण्यावरचा एखादा चांगला सिनेमा सुचव गं, पडल्या पडल्या बघीन." पहिला जो आठवला त्याचं नाव मी फोनवर मुद्दाम घेतलं नाही. घेतलं असतं तर तू त्याच रात्री बघून टाकला असतास आणि पहाटे मला उठवलं असतंस. म्हणून हे पत्र. सिनेमा सुंदर आहे, तुझ्यासाठीच काढलाय म्हणावा असा आहे, पण आत्ता बघू नकोस. गळ्यावरची जखम भरू दे, षड्ज नीट लागू दे, मग बघ. तोवर मी इतकं लिहून ठेवते की तुझी उत्सुकता निम्मी तरी भागेल.

नाव 'द टेनर – लिरिको स्पिंटो'. २०१४ सालचा, कोरिया आणि जपानने मिळून काढलेला, दिग्दर्शक किम सांग-मान. गोष्ट खऱ्या माणसाची आहे. बे जे-चुल हा कोरियन टेनर, म्हणजे ऑपेरातला उंच पट्टीचा पुरुष गायक, जन्म १९६९चा. मिलानला शिकला, युरोपातल्या ऑपेरागृहांत गाऊ लागला. २००५ मध्ये जर्मनीत असताना त्याला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, माणूस वाचला. पण त्यात स्वरतंतूची नस गेली आणि उजव्या बाजूच्या श्वासपटलाचीही, म्हणजे फुप्फुसांखालच्या श्वास ओढणाऱ्या पडद्याची. म्हणजे आवाजही गेला आणि त्या आवाजाखालचा दमसासही.

आता लगेच गळ्याला हात लावून बसू नकोस. त्याचा कॅन्सर होता, तुझी गाठ साधी आहे असं रिपोर्ट म्हणतोय. पण ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात असला प्रसंग पडद्यावर बघायला लागला की रिपोर्ट कोण आठवतो?

तरी त्या नसेबद्दल तुला सांगायलाच हवं, कारण ती फार विचित्र आहे. मेंदूकडून निघते, गळ्यातून सरळ स्वरयंत्राशी थांबायचं सोडून खाली जाते. डावीकडची तर छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते, उजवीकडची खांद्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीखालून वळते. आणि परतीच्या वाटेवर दोघीही थायरॉइडच्या अगदी पाठीला चिकटून जातात. दुसऱ्या शतकात गेलन ह्या ग्रीक वैद्याने भर सभेत ओरडत्या डुकराची ही नस बांधून दाखवली होती. डुक्कर धडपडत राहिलं, आवाज मात्र बंद. इतकी जुनी माहिती आहे ही, तरी आजही थायरॉइडच्या सर्जनचं निम्मं लक्ष तिच्यावरच असतं.

ती नस गेली की त्या बाजूचा स्वरतंतू जागच्या जागी थिजतो. दुसरा बिचारा मध्यापर्यंत येतो, पण भिडायला समोर कोणी नसतं. एक फळी अडकलेल्या दारासारखी फट राहते आणि हवा निसटून जाते. बोलताना कुजबुज, दोन वाक्यांत धाप. साधा माणूस एवढ्यावर निभावून नेतो. टेनर कसा नेणार?

तू नेहमी म्हणतेस ना, ऑपेरावाले आरडाओरडा करतात. त्यावर आपलं भांडण जुनंच आहे, आज मला ते जिंकायचंय. समोर साठ-सत्तर वाद्यं वाजतायत, मागे कोरस, आणि माइक नाही. नुसत्या ताकदीने कोणी त्या वाद्यवृंदाच्या वर जाऊ शकत नाही. हे गायक घशाची पोकळी अशी घडवतात की आवाजातली ३००० हर्ट्झच्या आसपासची ऊर्जा उठून येते. वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात ओसरलेला असतो आणि आपला कान तिथेच जास्त तीक्ष्ण असतो. तिथून आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ओरडणं नव्हे, जागा शोधणं आहे ते. तुमच्याकडे तानपुऱ्याच्या जवारीसाठी तासन् तास घालवणारी माणसं तरी ह्याला हसू नका.

टेनर म्हटलं की सगळ्या जगाला ठाऊक असलेली आरिया (ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं) म्हणजे इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'तुरांदोत' ह्या ऑपेरामधली 'नेस्सुन दोर्मा'. तिच्या शेवटच्या चढाईत जो सर्वांत वरचा सूर आहे, तिथे स्वरतंतू सेकंदाला साधारण ४९४ वेळा एकमेकांवर आदळतात. दोन्ही तंतू, सारख्या ताणाने, सारख्या वेळी. एक जरी आळसला तरी सूर फाटतो. आणि मेधा, हे लिहिणारा पुच्चिनी स्वतः घशाच्या कॅन्सरने गेला. उपचारांसाठी ब्रुसेल्सला गेला होता, रेडियम लावलं होतं, २९ नोव्हेंबर १९२४ला तिथेच वारला. 'तुरांदोत' अर्धवट राहिलं. दुसऱ्या कोणी ते पूर्ण केलं, पण १९२६ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंद चालवणाऱ्या तोस्कानिनीने पुच्चिनीचा हात जिथे थांबला तिथेच प्रयोग थांबवला. हे ठाऊक झाल्यापासून ती विजयाची आरिया मला निखळ आनंदाने ऐकता येत नाही.

बे जे-चुलकडे परत येते. त्याला जपानमध्ये गायला बोलावणारा एक निर्माता होता, वाजिमा तोतारो. सिनेमात त्याचं नाव सावादा केलंय आणि इसेया युसुके ह्या नटाने तो केलाय. आवाज गेल्यावर कार्यक्रम आयोजित करणाऱ्याने गायकाशी संबंध ठेवायचं काही कारण नसतं. धंदाच संपला. हा माणूस मात्र डॉक्टर शोधत बसला, आणि त्याला क्योटोमध्ये इश्शिकी नोबुहिको सापडले. स्वरयंत्राच्या कूर्चेवर करायच्या शस्त्रक्रियांची पद्धतशीर मांडणी ह्याच इश्शिकींनी १९७४च्या सुमारास केली होती. म्हणजे ज्याने वाट आखली त्याच्याकडेच हा पोचला.

ती शस्त्रक्रिया मला सबंध सिनेमातल्या कुठल्याही आरियाइतकी नाट्यमय वाटते. कंठमण्याच्या कूर्चेला बाजूने छोटी खिडकी पाडतात आणि थिजलेल्या तंतूला बाहेरून हलकेच मध्याकडे ढकलून तिथे टेकू देतात. तो हलायला लागत नाही, ती नस काही जिवंत होत नाही. फक्त दुसऱ्याला भिडायला समोर कोणीतरी येतं. पण किती ढकलायचं? मिलिमीटरभर जास्त झालं तर आवाज दाबला जातो, कमी झालं तर हवा सुटतेच. म्हणून रोग्याला पूर्ण झोपवत नाहीत. जागेपुरती भूल देऊन गळा उघडतात आणि त्याला आवाज काढायला लावतात. २००६ मध्ये बे टेबलावर पडून, गळा उघडा असताना, चर्चमधलं एक स्तोत्र गायला आणि सर्जन कानाने अंदाज घेत टेकू सरकवत होते. तानपुरा लावणारा आणि तानपुरा दोघंही जागे! हे तू डोळ्यांपुढे आण आणि मग सांग, आत्ता हा सिनेमा बघण्यासारखा आहे का.

आता माझं खरं म्हणणं. आजारातून उठलेला गायक म्हटलं की आपल्याला कुमार आठवणार, दुसरं कोण? क्षयाने देवासला अंथरुणाला खिळलेले कुमार गंधर्व, गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ निकामी, आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत. त्यांच्या लहान लहान, झटक्यात येऊन जाणाऱ्या तानांचं, मध्येच सोडलेल्या जागांचं मूळ उरलेल्या श्वासात आहे असं कितीतरी जण म्हणतात. सगळंच श्वासावर ढकलणं मला पटत नाही, कारण पडून असताना कानावर आलेली माळव्याची लोकगीतंही त्या गाण्यात आहेत आणि मुळात ते डोकंच वेगळं होतं. पण एक खरं, ख्यालाने त्यांना मुभा दिली. श्वास जेवढा आहे तेवढ्यात राग मांड, पट्टी तुझी, लय तुझी, कुठे थांबायचं ते तू ठरव. आणि माइक होताच.

टेनरला ही मुभा नाही. पुच्चिनीने जो सूर लिहिलाय तो लिहिलाय. स्वरलिपी समोर आहे, वाद्यवृंद पुढे चाललाय आणि श्रोत्यांच्या कानात तो सूर आधीच वाजतोय. एकल कार्यक्रमात पट्टी थोडी खाली घेता येते, ऑपेराच्या रंगमंचावर ते फार थोडं चालतं. त्यामुळे ऑपेरा गायक 'बरा झाला' की नाही हे ज्याला त्याला तिथल्या तिथे मोजता येतं. त्यात दयामाया नाही. बे पुन्हा गाऊ लागला, लोकांसमोर उभा राहिला, पण पूर्वीचा तो धारदार, भरलेला आवाज परत आला नाही. जो आला तो दुसरा आवाज होता. आजारावर मात केल्याच्या सिनेमांकडून आपली अपेक्षा असते की शेवटी सगळं होतं तसं व्हावं. इथे ते होणं शक्यच नव्हतं, आणि ह्याच अडचणीमुळे हा सिनेमा मला जवळचा वाटतो. नायक त्याच डोंगरावर पुन्हा चढत नाही. दुसरीकडे कुठे उभं राहता येतं का, ते चाचपत राहतो.

सगळंच जमलंय असं नाही हं. रडायच्या जागी पार्श्वसंगीत आधीच रडायला लागतं. बायकोच्या वाट्याला वाट बघणं आणि डोळे पुसणं एवढंच आल्यासारखं वाटतं, म्हणजे तिचं काम करणाऱ्या नटीवर अन्यायच. पण यू जी-ते ह्या नटाने टेनर काय केलाय! आवाज खुद्द बेचा, जुन्या ध्वनिमुद्रणांमधला, ह्याने फक्त ओठ हलवायचे. पण हा नुसते ओठ हलवत नाही. बरगड्या फुगतात, मानेची शीर ताठ होते, सुराच्या आधीचा श्वास दिसतो. हिंदी सिनेमात पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याची किंमत चटकन कळेल. आणि त्यामागची खोच बघ. ज्याचा आवाज गेला त्याच्या गोष्टीत दुसऱ्याच्या तोंडून त्याचाच जुना आवाज येतो. स्वतः बेला हे बघताना काय वाटलं असेल, ह्याचा विचार मी करते आणि सोडून देते.

आता तुझ्या कामाचं. सर्जनला पहिल्या भेटीतच ठासून सांग की तू गातेस. 'थोडंफार गुणगुणते' असं तुझ्या सवयीने म्हणू नकोस. ऑपरेशनआधी दुर्बिणीतून स्वरतंतू बघणार का, विचार. 'नर्व्ह मॉनिटरिंग' करणार का, तेही विचार. त्यात श्वासनळीत घालायच्या नळीवरच संवेदक असतात, नस डिवचली की यंत्र आवाज करतं. आणखी एक छोटी नस असते, स्वरयंत्राच्या वरच्या अंगाची, तार सप्तकात तंतू ताणणारी. ती दुखावली तर बोलणं ठीक राहतं, वरचे सूर तेवढे जातात. आमेलिता गल्ली-कुर्ची ह्या सोप्रानोचं, म्हणजे उंच आवाजाच्या ऑपेरा गायिकेचं, १९३५ मध्ये गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि ही नस दुखावल्यामुळे तिची कारकीर्द संपली, अशी कथा शस्त्रक्रियेच्या वर्गांतून पिढ्यान् पिढ्या सांगतात. नंतर अभ्यासकांनी दाखवलं की तिचा आवाज आधीपासूनच उतरणीला लागला होता. कथा खरी असो नसो, तिच्यामुळे सर्जन लोक त्या नसेला जपायला शिकले, हे आपल्या पथ्यावरच पडलं.

आणि ऑपरेशनआधी एक दिवस शांतपणे बसून मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेव. आकार, सरगम, एखादी द्रुत बंदिश. नंतर आवाज थोडा घोगरा वाटेल, नळीमुळे बहुतेकांना वाटतो आणि बसतोही हळूहळू. त्या वेळी 'आधी काय होतं' ह्यावर आठवणीच्या भरवशावर वाद घालू नकोस, तुझी आठवण तुझ्याविरुद्धच साक्ष देते. ती फाइल मलाही पाठव.

दुर्बिणीची तपासणी कधी आहे ते कळव. सोबत यायचंय, आणि डॉक्टरांसमोर तू 'गुणगुणते' म्हणालीस तर मी मध्ये बोलणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुझी,
सुनीता

ता. क. पडल्या पडल्या बघायला काही हवंच असेल तर एखादा विनोदी सिनेमा काढ. गाणी वाईट असलेला बघ, म्हणजे सोबत गावंसं वाटणार नाही.