नॉर्थ प्लॅटहून अण्णांना

नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का
२ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गुरांवर कर्ज देतेस म्हणजे नक्की करतेस काय?" आणि तेवढ्यात लाईन गेली. बरंच झालं. मी काहीतरी थातूरमातूर सांगून मोकळी झाले असते. शिवाय बाळूचा दहा दुधाळ एचएफ गायींच्या कर्जाचा अर्ज बँकेत जायच्या आत हे तुमच्या हातात पडलेलं बरं.

आधीच सांगते, इथल्या गायी दुधाच्या नाहीत, मांसाच्या आहेत. आईला वाचून दाखवाल तेव्हा तेवढं गाळा. तिच्या गळ्यातल्या माळेपुढे हा विषय नको. सुरुवातीला अर्ज वाचताना माझाही हात अडखळायचा.

या राज्यात माणसं वीस लाख आणि गुरं साठ लाखांच्या घरात. पण आपल्यासारखा गोठा दिसत नाही. काळ्या अँगस गायी बारा महिने उघड्यावर, बर्फातसुद्धा. धार काढायची नाही, सगळं दूध वासराचं. मार्च-एप्रिलात गायी वितात, ऑक्टोबरात वासरं आयांपासून तोडतात. तोवर एकेक अडीचशे किलोचं झालेलं असतं. मग लिलाव. रुमालाखाली बोटं दाबणं नाही, वासरं काट्यावर चढतात आणि बोली वजनावर लागते. तुमच्यासारखा शिंगं नि वशिंड बघून सांगोल्याच्या बाजारात खिलार पारखणारा माणूस इथे कंटाळून जाईल.

आता पैशाचं. आपल्याकडे डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, हप्ता त्यातूनच कापतात. इथली गाय पैसे देते वर्षातून एकदा, म्हणून बँकेचा हप्ताही वर्षातून एकदाच, वासरं विकल्यावर. नव्या पोरांना हे सोयीचं वाटतं. मधले अकरा महिने खायचं काय, हे त्यांच्या अर्जात कुठेच नसतं.

गेल्या हिवाळ्यात एक पंचविशीतलं जोडपं आलं. मुलाचे वडील रेल्वेत, घरची शेती नाही. चाळीस गाभण कालवडी हव्यात म्हणाले. एक ३,००० डॉलरला धरली तरी १,२०,००० डॉलर झाले. आठ टक्क्यांनी वर्षाचं व्याजच ९,६००. चाळीस गायींना दोन वळू लागतात. वर्षातले पाच महिने कुरणात काही नसतं, तेव्हा गाय दिवसाला बारा किलो वाळलं गवत खाते, म्हणजे कळपाला ७२ टन, पायाखाली जातं ते वेगळं. इतकं करून विकायला वासरं येतात पस्तीस-छत्तीस. एखादी गाय गाभणच राहत नाही, एखादं वासरू थंडीत जातं. २०१९ च्या मार्चमध्ये तर इथे हिमवादळ आणि पूर एकदमच आले, कितीतरी लोकांची नुकतीच जन्मलेली वासरं गेली. सरकार भरपाई देतं, पण ती बाजारभावाच्या पाऊण हिश्शानं.

बरं, कळप वाढवायला कालवडी घरीच ठेवायच्या म्हटल्या तर पंधराव्या महिन्यात फळवायची, दोन वर्षांची झाली की विते, आणि तिचं वासरू विकायला आणखी सहा-सात महिने. अडीच वर्षं ती नुसती खाते, अण्णा.

त्यांच्या यादीत पुढे नवा ट्रॅक्टर होता आणि पाचशे एकर जमीन. इथल्या टेकड्यांवर गाय-वासराच्या एका जोडीला उन्हाळाभर दहा-पंधरा एकर कुरण लागतं, म्हणून पाचशे. यंत्रांना इथले म्हातारे 'लोखंड'च म्हणतात. आमचे साहेब ट्रॅक्टरच्या ओळीवर पेन्सिल मारत म्हणाले, लोखंड काही वीत नाही.

जमिनीसाठी सरकारची मदत आहे, नाही असं नाही. कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी दहा वर्षांपेक्षा कमी शेती केलेल्याला 'नवा' धरते. त्यानं किमतीचे पाच टक्के घालायचे, एजन्सी पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत वीस वर्षांसाठी देते, उरलेले बँक. ५०,००० डॉलरपर्यंतचं छोटं कर्ज थोड्या कागदांत होतं. दहा वर्षांच्या पोरालाही कालवड पाळायला १०,००० पर्यंत मिळतं, आणि कागदावर सही त्या पोराची! पण कर्ज मिळतं म्हणून जमीन घेतली तर वासरांच्या पैशात हप्ता आणि घर दोन्ही बसत नाहीत.

मग मी त्यांना सुचवलं, की कुरण भाड्यानं घ्या आणि गायी अर्धलीनं. जवळच एक सत्तरीतला म्हातारा आहे, मुलं शहरात, गुडघे गेलेले, गायी मात्र सोडवत नाहीत. त्याच्या गायी, यांची मेहनत. वासरांत वाटा साठ-चाळीस की सत्तर-तीस, ते चारा नि कुरण कुणाचं यावर ठरतं. ही रीत इथेही जुनीच आहे. तरी साहेबांनी विचारलं, तुला हे कुठून ठाऊक? आजीनं पाटलांची कालवड अर्धलीनं सांभाळून, व्याल्यावर निम्मी किंमत भरून कशी घरी ठेवली, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

भाव आत्ता चढे आहेत. यंदा, २०२५ च्या जानेवारीत देशात ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१ नंतर इतकी कमी कधीच नव्हती. दुष्काळात लोकांनी गायी काढून टाकल्या. म्हणून वासराला सोन्याचा भाव, आणि मला भीती त्याचीच वाटते. २०१४ साली असेच भाव होते, दोन वर्षांत कोसळले. महाग गाय घेतलेल्यांनी स्वस्त वासरं विकली. वासरांच्या भावाचाही इथे विमा निघतो, तो घेतल्याशिवाय मी नव्या माणसाचा कागद पुढे सरकवत नाही.

आता बाळूचं. इथे शरद ऋतूत डॉक्टर गायी तपासतो, आणि जी गाभण नाही ती बहुधा हिवाळ्याआधीच ट्रकमध्ये चढते. मला ते बघवत नाही, पण त्या माणसाचा हिशेब त्यावरच उभा आहे. आपल्याकडे गाय कापायला बंदी आहेच, २०१५ पासून बैलही नाही. म्हणजे बाळूच्या दहातल्या दोन गायी गाभण न राहता उलटत राहिल्या तर त्या दावणीलाच खात उभ्या राहणार, आणि गोऱ्हे झाले तर तेही. बँकेच्या तक्त्यात दहाच्या दहा दुधात धरलेल्या असतील. त्यानं सात धराव्यात आणि मग हप्ता बसतो का ते बघावं.

गोठ्याच्या बांधकामाला त्यानं किती लाख लिहिलेत, आणि घरचा कडबा किती महिने पुरेल, हे दोन आकडे मला कळवायला सांगा. रागावला तर म्हणावं, ताईनं विचारलंय.

आईला नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत ते खरं लिहा.

तुमची,
सुमन